तोक्कासासोंचा हात

भिंतीला हात लावू नका. लांबून बघा, हवे तितके फोटो काढा, पण हात लावू नका. इथे येणाऱ्या प्रत्येकाला मी हे आधी सांगते आणि मग गोष्ट सांगते. उलटं केलं तर निम्मे लोक ऐकता ऐकताच हात पुढे करतात.

ही डोंगराची कड दिसते ना, तिच्या पोटात कोळशाची खाण आहे. समोरची दगडी भिंत त्या खाणीच्या तोंडावर बांधलेली आहे. भिंतीवर सगळीकडे शेवाळ चढलंय, एक दगड सोडून. छातीच्या उंचीवरचा तो डावीकडचा दगड नीट बघा. त्यावर उजव्या हाताचा पंजा उमटलाय, बोटं थोडी फाकलेली. तो कुणी कोरलेला नाही. मोठमोठे जाणकार येऊन गेले, पण छिन्नीची एकही खूण कुणाला सापडली नाही. टॅनर्स रिजमध्ये, म्हणजे आमच्या या गावात, त्याला नुसतं 'हात' म्हणतात. इथली पोरं 'हाताच्या पुढे जायचं नाही' हे ऐकतच मोठी होतात.

आता मी कोण ते सांगते. मी कुमुद तोक्कासासो. हसा, माझी आईसुद्धा हसली होती. माहेरची मी पाटणकर, कराडची. नर्स म्हणून पेनसिल्व्हेनियात आले, इथल्या दवाखान्यात लागले आणि रेमो तोक्कासासो नावाच्या शाळामास्तराशी लग्न केलं. आईला ते आडनाव शेवटपर्यंत म्हणता आलं नाही. ती आपली 'तुमच्याकडची मंडळी' एवढंच म्हणायची. आता रेमो नाही. मी आहे, आणि उन्हाळ्यात तुमच्यासारखे पाहुणे आले की ही गोष्ट सांगणं माझ्याकडे आहे.

आडनाव इटालियन आहे. अमेरिकेत इटलीहून आलेले लोक भरमसाट, त्यांची आडनावं गल्लोगल्ली दुकानांच्या पाट्यांवर दिसतात. हे मात्र तुम्हाला कुठे दिसणार नाही. आज या अख्ख्या देशात ते लावणाऱ्या आम्ही दोघीच, मी आणि माझी मुलगी लीना. एके काळी याच गावच्या चर्चमध्ये पुढचे सगळे बाक तोक्कासासोंनी भरायचे, असं सांगतात. मग गेले कुठे एवढे? वंश बुडाला म्हणावं तर तसंही नाही. माणसं आहेत. शेजारच्या गावात आहेत, ओहायोत आहेत, नाताळला भेटतात, केक खातात. त्यांनी फक्त आडनाव टाकलं. आणि ते टाकलं या भिंतीच्या भीतीने.

हे आडनाव मुळात आलं कसं, तिथून सुरुवात करते. इटलीच्या डोंगराळ मुलखात गंधकाच्या खाणी होत्या. तिथे म्हणे एक गरीब खाणकामगार होता. त्याचं पहिलं नाव काय होतं ते आज कुणालाच ठाऊक नाही. एक दिवस खाणीत शिरताना त्याने सहज छताला हात लावला आणि तो जागीच थबकला. दगड आतल्या आत थरथरत होता. डोळ्यांना दिसत नव्हतं, कानांना ऐकू येत नव्हतं, पण तळहाताला कळत होतं. त्याने सोबत्यांना सांगितलं, आज आत जाऊ नका. सोबती हसले आणि गेले. दुपारच्या आत छत खाली आलं आणि त्यांतलं कुणीही परत आलं नाही.

हा एकटा वाचला आणि संत बार्बरापुढे जाऊन पडला. खाणीत उतरणारे तिला मानतात, आपल्याकडे गावाच्या वेशीवरच्या देवीला मानतात तसं. तिच्यापुढे तो नवस बोलला की माझ्या घरातला माणूस दगडाखाली सगळ्यांच्या आधी जाईल, आणि त्याच्या हाताला जे लागेल तेच तो सांगेल, त्यात कमी नाही की जास्त नाही. तो बोलला आणि त्याचा उजवा तळवा गार पडला, तो कायमचाच. तेव्हापासून या रक्ताच्या प्रत्येक माणसाचा उजवा तळवा गार असतो. लोक त्यांना तोक्कासासो म्हणू लागले, म्हणजे दगडाला हात लावणारे. तळव्याचं म्हणाल तर मी स्वतः नर्स आहे. लीना जन्मली तेव्हा मी तिची नाडी पाहिली, नखं पाहिली, डॉक्टरांना दोनदा बोलावलं. बाळ ठणठणीत होतं आणि तिचा उजवा तळवा पाण्यातून काढल्यासारखा गार होता.  रेमोने तेवढा एक हात दुपट्यात गुंडाळला.

इटलीत पोट भरेना म्हणून ही मंडळी अमेरिकेत आली आणि या डोंगरात कोळसा काढू लागली. इथेही त्यांची तीच पद्धत. सकाळी सगळ्यांच्या आधी एक तोक्कासासो आत जायचा. उजवा हात छताला सपाट टेकवायचा, डाव्या हातातल्या पहारीने बाजूला ठोकायचं आणि तळव्याला काय लागतं ते बघायचं. दगड घट्ट असला तर काही लागत नाही. सुटलेला असला तर हात थरथरतो. मग बाहेर येऊन तो सांगायचा, 'शांत आहे' किंवा 'शांत नाही'. या दोन शब्दांवर सगळी खाण चालायची. पोलंडचे, आयर्लंडचे, कुठकुठले लोक इथे कामाला होते. एकमेकांची भाषा त्यांना येत नव्हती, पण हे दोन इटालियन शब्द सगळ्यांना पाठ होते. तोक्कासासो 'शांत आहे' म्हणाला की माणूस डोळे मिटून आत जायचा.

ज्या काळाची ही गोष्ट आहे त्या काळी हे काम अन्सेल्मोकडे होतं. घरातला थोरला, अबोल, हाताच्या शब्दाला पक्का. त्या वर्षी हिवाळा लवकर पडला. नोव्हेंबरपासून अन्सेल्मो रोज आत जायचा आणि बाहेर येऊन मान हलवायचा, शांत नाही. खाण बंद राहिली. खाण बंद म्हणजे मजुरी बंद, आणि घरंही कंपनीचीच, त्यामुळे ती सोडण्याची भाषा सुरू झाली. बाहेर गुडघाभर बर्फ. घरांत बटाट्याच्या साली उकडून खायची वेळ आली, असं सांगतात. बायका अन्सेल्मोच्या बायकोशी बोलेनाशा झाल्या. आजवर ज्या हाताने सगळ्यांना जिवंत ठेवलं तोच हात आता सगळ्यांच्या डोळ्यांत सलायला लागला.

चार डिसेंबर हा संत बार्बराचा दिवस. त्या दिवशी कुणी खाणीत उतरत नाही, इटालियन तर नाहीच नाही. पण त्या वर्षी सणाच्याच दिवशी सगळे सकाळी खाणीच्या तोंडाशी येऊन उभे राहिले. पुढे होता अन्सेल्मोचा धाकटा भाऊ ऊगो. त्याची तान्ही मुलगी तापाने फणफणत होती. घरात शेगडीत घालायला कोळसा नव्हता, आणि तोही कोळशाच्या डोंगरावर राहून. अन्सेल्मो आत गेला, हात टेकवला, ठोकलं आणि बाहेर आला. तो काही बोलायच्या आधीच ऊगो म्हणाला, "दादा, तुझ्या हाताचं ऐकून माझी पोर मरेल. ती मेली की तो हात तिच्या कपाळावर ठेव आणि सांग मला, शांत आहे की नाही."

अन्सेल्मोने भावाकडे पाहिलं. मागे उभ्या असलेल्या माणसांकडे पाहिलं. त्यांत त्याचे चुलत भाऊ होते, पुतणे होते, शेजारी होते. कुणीच मान वर केली नाही. अखेर तो म्हणाला, शांत आहे.

या घराण्यातलं दगडाबद्दलचं ते पहिलं खोटं. बाकी कुणाला हे कळलं नाही, कळण्याचं कारणच नव्हतं. माणसं टोप्या सारख्या करून आत गेली. अन्सेल्मो बाहेरच राहिला आणि सगळ्यांच्या आधी जायचा मान ऊगोने घेतला, म्हणे.

पुढचं मी थोडक्यात सांगते, मला ते लांबवायला आवडत नाही. दुपारी डोंगर हलला. गावातल्या घरांतली भांडी फळीवरून पडली. आतलं छत बसलं, कुणाच्या तरी दिव्याने वायू पेटला आणि खाणीच्या तोंडातून काळा धूर यायला लागला. कंपनीचे साहेब आले. त्यांचं म्हणणं असं की आत कोळशाने पेट घेतलाय, तोंड उघडं राहिलं तर वारा लागून आग सगळा डोंगर खाईल, म्हणून तोंड बंद करायचं. पण आत कुणी जिवंत असेल तर? गावातली तरुण पोरं तोंडाला ओली फडकी बांधून आत घुसायला तयार उभी होती. त्यांना आवरणं अवघड झालं होतं. तेव्हा साहेब अन्सेल्मोला म्हणाले, तू हात लाव. आत कुणी ठोकत असेल तर तुला कळेल. तू सांगशील तसं करू.

अन्सेल्मो तोंडाशी गेला आणि त्याने दगडावर हात टेकवला. 

त्याच्या हाताला दोन गोष्टी लागल्या. वरचा दगड हलणाऱ्या दातासारखा सुटलेला होता, तो आता कोणत्याही क्षणी येणार होता. आणि दगडाच्या पलीकडून, खोलवरून, कुणीतरी ठोकत होतं. थांबून थांबून, न चुकता. अडकलेली माणसं ठोकतात तसंच.

'आहेत' म्हटलं तर ही उभी असलेली सगळी पोरं आत धावणार आणि वरचा दगड त्यांच्यावर येणार. 'नाहीत' म्हटलं तर आतल्या जिवंत भावांवर भिंत बांधली जाणार. मी या जागी उभी राहून कितीदा विचार केला असेल, मी काय म्हटलं असतं? मला उत्तर मिळालेलं नाही. तुम्हाला मिळालं तर मला सांगू नका.

अन्सेल्मो म्हणाला, "शांत आहे." आणि त्याने हात काढला. हात काढला तेव्हाही आत ठोकणं चालूच होतं.

ही भिंत संध्याकाळच्या आत उभी राहिली. गवंड्यांना भाकरी घेऊन अन्सेल्मोची मुलगी आली होती, अस्सुंता. लग्नाच्या वयाची, बापासारखीच अबोल. टोपली खाली ठेवताना तोल जाऊन तिने भिंतीला हात टेकला. तिचाही तळवा गारच होता. आतलं ठोकणं तिलाही लागलं, आणि ती टोपली उचलून गपचूप घरी गेली. चुलीपाशी बसून तिने बापाला विचारलं, आणि बापाने तिला सगळं सांगितलं. दोन्ही वेळी आपण खोटं बोललो हेही सांगितलं. काही लपवलं नाही, की स्वतःची बाजूही मांडली नाही.

सकाळी अन्सेल्मो घरात नव्हता. तो इथे सापडला. भिंतीकडे तोंड करून उभा, उजवा हात दगडावर, अंगावर कोट नाही. उभ्या उभ्याच गोठला होता. हात दगडाला असा चिकटला होता की कोमट पाणी ओतून सोडवावा लागला. हात निघाला आणि खाली हा पंजा दिसला. त्याच्या चेहऱ्यावर वेदना नव्हती म्हणतात. कान देऊन ऐकणाऱ्या माणसाचा चेहरा होता.

ऊगोची तान्ही मुलगी जगली. कसं म्हणाल, तर धुमसणाऱ्या डोंगराने त्या बाजूची घरं हिवाळाभर उबदार ठेवली. हे ऐकून काही पाहुण्यांना बरं वाटतं. मला कधी वाटलं नाही.

वर्ष गेलं. पुन्हा चार डिसेंबर आला. ज्यांची माणसं आत होती ती सगळी घरं दुपारी इथे जमली. पाद्रीबाबांनी प्रार्थना म्हटली. प्रार्थना संपल्यावर अस्सुंता पुढे आली आणि तिने सगळ्यांसमोर सांगून टाकलं. बाप काय बोलला, कशासाठी बोलला, त्याच्या हाताला खरं काय लागलं होतं. एवढ्या लोकांच्या पुढे ती एकटी उभी होती, आणि जमिनीवर दगडांना तोटा नव्हता. तोक्कासासोंची बाकीची घरं मागच्या मागे सरकली, असं सांगतात. तिच्या अंगावर पहिला दगड कोण टाकतो, एवढंच राहिलं होतं.

गर्दीतून ब्रिजिट डॉलन नावाची आयरिश बाई पुढे आली. तिचा नवरा आणि मुलगा दोघेही आत होते. ती अस्सुंताच्या अगदी जवळ येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "हात लाव."

अस्सुंताने या पंजावर आपला पंजा ठेवला. तिच्या तोंडावरचा रंग उडालेला सगळ्यांनी पाहिला.

"आहेत?" ब्रिजिटने विचारलं.

"आहेत," अस्सुंता म्हणाली.

एक वर्ष झालं होतं. आत अन्न नाही, पाणी नाही, हवा नाही. धूर तेवढा होता. बायकांनी पोरांचे कान झाकले. काही पुरुष पळाले, ते पार खालच्या रस्त्यापर्यंत. ब्रिजिट मात्र हलली नाही. ती म्हणाली, "मग हात काढू नकोस. तुझ्या बापाने ते ठोकत असताना हात काढला. आता तुमच्यातल्या कुणीही काढायचा नाही. ते थांबतील तेव्हा तू थांब."

अस्सुंता अंधार पडेपर्यंत उभी राहिली. बर्फ पडायला लागला तरी उभी होती. ठोकणं थांबलं तेव्हाच तिने हात काढला. हीच इथली प्रथा झाली. दर वर्षी चार डिसेंबरच्या दुपारी तोक्कासासो आडनाव लावणाऱ्या एकाने यायचं, उजवा हात या हातावर ठेवायचा आणि लागेल ते खरं खरं सांगायचं. आत ठोकत असतील तर ते थांबेपर्यंत हात काढायचा नाही. गाव मागे उभं राहतं, उघड्या डोक्याने, एक शब्द न बोलता.

आता तुमच्या लक्षात आलं असेल आडनाव का गेलं ते. ज्याच्या नावामागे तोक्कासासो, त्याच्यावर कधी ना कधी ही पाळी येणार. पोरी तर पहिल्या मागणीला हो म्हणून दुसऱ्या आडनावात पळाल्या. मुलगे कोर्टात जाऊन नाव बदलून आले. कुणी स्टोन झाले, कुणी टकर, कुणी नुसते सासो. अस्सुंताने लग्न केलं ते नवऱ्याला एकच अट घालून, मुलं माझं आडनाव लावतील. तो भला माणूस होता, कबूल झाला. आमचं घर तिचं.

राहिलेल्यांत दांते नावाचा अस्सुंताचा एक चुलत भाऊ होता, गप्पिष्ट, बढाईखोर. एका वर्षी अस्सुंता आजारी पडली म्हणून तो आला. हात ठेवला, 'आहेत' म्हणाला, थोडा वेळ थांबला. मग थंडीने वैतागून, ही मेलेली माणसं काही आपलं जेवण रांधून ठेवणार नाहीत, असं म्हणत त्याने हात काढला आणि घरी गेला. घराचं छत नवं होतं, त्याने स्वतः घातलेलं. तो जेवायला बसला आणि टेबलावरचे पेले आपोआप किणकिणायला लागले. त्याने सवयीने भिंतीला हात लावून पाहिला, एवढंच त्याच्या बायकोने नंतर सांगितलं. छत फक्त त्याच्या खुर्चीवर आलं. बायको समोर बसली होती, तिला खरचटलंसुद्धा नाही. त्या महिन्यात अस्सुंताचं घर सोडून गावातल्या उरल्यासुरल्या तोक्कासासोंनी नावं बदलली.

माझा रेमो अस्सुंताचा नातू. लग्नाआधी त्याने मला हे सगळं सांगितलं होतं. मी कराडची मुलगी, सायन्स शिकलेली. मला वाटलं, म्हातारी माणसं काहीतरी धरून बसतात, वर्षातून एक दिवस उभं राहायचं तर राहू दे. पण दर वर्षी चार डिसेंबरला तो घरी यायचा तेव्हा मीच त्याचा हात चोळून चोळून ऊब आणायची, आणि तो हात लवकर माणसात येत नसे. काय लागलं हे मी एकदाच विचारलं. तो म्हणाला, "कुमुद, ते कंटाळत नाहीत." पुन्हा कधी विचारायचा मला धीर झाला नाही.

रेमो गेल्यावर गावातले चार वयस्क लोक माझ्याकडे आले. लीना तेव्हा शिकायला लांब होती. त्यांनी अगदी अदबीने सांगितलं, आता नाव तुमचं आहे. मी गेले.  मनात देवीचं नाव घेत पंजावर पंजा ठेवला. दगड गार होता. त्यापलीकडे काहीही नव्हतं. मी थांबले, पुन्हा थांबले आणि खरं तेच सांगितलं, शांत आहे. मागे लोक रडायला लागले. त्यांना वाटलं आत्मे सुटले. दुसऱ्या दिवशी माझ्या दारात केकच्या डब्यांची रांग लागली. पुढच्या वर्षीही शांत, त्याच्या पुढच्याही. या सुनेचा पायगुण चांगला म्हणून गावात माझं कौतुक व्हायला लागलं आणि मीही ते करून घेतलं.

मग लीनाचं लग्न ठरलं. मुलगा चांगला, डॅनियल त्याचं नाव. लीना म्हणाली, मी त्याचं आडनाव लावणार. मी देवापुढे साखर ठेवली. खाण शांत झाली असली तरी हे आडनाव माझ्या लेकीच्या गळ्यात नको होतं. माझ्यानंतर ते इथेच संपावं, एवढंच मला हवं होतं. आई म्हणून दुसरं काय मागणार?

त्याच वर्षी डिसेंबरात मी अंगणातल्या बर्फावर घसरले आणि उजवं मनगट मोडलं. हाताला प्लास्टर. मला गाडीने इथे आणायला लीना आली होती. मी म्हटलं डावा हात लावते. गर्दीतल्या सगळ्यांची नजर माझ्यावरून लीनावर गेली. तिचं लग्न वसंतात होतं. त्या दिवशी ती अजून तोक्कासासोच होती.

लीना पुढे निघाली तेव्हा मी तिची बाही धरली. गावाला कळू नये म्हणून मराठीत म्हणाले, "काही लागलं तरी शांत आहे म्हण आणि हात काढ. माझी शपथ आहे तुला."

तिने हातमोजा काढला आणि हात ठेवला.  मी तिचा चेहरा बाजूने बघत होते. रेमो गेला त्या दिवशीही मी तिचा असा चेहरा पाहिला नव्हता. मी पुन्हा म्हटलं, बोल ना गं, म्हण. तिने मान वळवली नाही. तिने गावाला ऐकू जाईल अशा आवाजात इंग्रजीत सांगितलं, आहेत. मागे कुणीतरी मटकन खाली बसलं.

मग ती मराठीत हळूच मला म्हणाली, "आई, तू घरी जा. थंडी आहे. मला वेळ लागेल."

मी घरी गेले नाही. कशी जाणार? सगळी वर्षं ते ठोकतच होते आणि माझ्या परक्या हाताला ते लागत नव्हतं, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं. मी देवीला शिव्या दिल्या, रेमोला दिल्या, ब्रिजिट डॉलनला दिल्या. वसंतात लीनाचं लग्न झालं, थाटात झालं. आडनाव तिने बदललं नाही. डॅनियलला तिने काय सांगितलं मला माहीत नाही. मी खूप रडले, खूप भांडले. ती एवढंच म्हणाली की मी सोडलं तर तिथे हात कोण ठेवणार, आणि ते ठोकतायत हे मला आता माहीत आहे.

आजही चार डिसेंबरच्या दुपारी लीना येते. आजही या देशात हे आडनाव आम्हा दोघींचंच आहे. गाव मागे उभं राहतं, टोप्या काढून. काही वर्षी लवकर संपतं, काही वर्षी दिवे लागले तरी संपत नाही. अशा वर्षी गर्दी निघून गेली की मी पुढे होते, हातमोजा काढते आणि माझा हात या भिंतीवर टेकवून बघते. अजूनही मला काही लागत नाही. मग मी भिंतीला हात लावून उभ्या असलेल्या लीनाच्या मागे जाते आणि तिच्या कोटाच्या आतून हात तिच्या पाठीवर ठेवते. तिथे मात्र लागतं.